सेल्विनची खोली

पहिल्या रात्री दोन्या एर्मेलिंदांनी तीन घोंगड्या दिल्या
आणि एक लांबलचक सूचना,
जिच्यातला मला एकच शब्द कळला: थंडी.
गावाचं नाव केत्साल्तेनांगो.
लिहून घेतलं तरी जीभ मधेच पाय मुरगाळून बसते.
इथले लोक नुसतं शेला म्हणतात.

खोली मुलाची. सेल्विनची.
खिळ्याला फुटबॉलचा लाल शर्ट,
पलंगाखाली बूट,
एकाचीच नाडी सुटलेली.
मी माझ्या सपाता शेजारी ठेवल्या,
जरा अंतर राखून.

माझं नाव वृंदा. इथे व ओठ मिटतो, ब होतो.
ब्रिंदा, म्हणाले मास्तर ओतोनिएल, आणि हसले:
अहो, हे तर क्रियापद!
ब्रिंदा म्हणजे ती देते, ती पुढे करते.
सत्तेचाळीस वर्षं नाम म्हणून वावरले
आणि पहिल्याच तासाला
मला सगळ्या काळांत चालवून झालं.

न्हाणीघरात फवाऱ्याला वरून वायर.
पाणी गरम हवं तर धार बारीक ठेवा,
ओल्या हातानं नळीला शिवू नका,
हे दोन्यांनी डोळे फिरवून, थरथर कापून दाखवलं.
व्याकरण लागलं नाही.

टेबल इथे बाई आहे. चमचाही बाई.
घर, ज्याला मी जन्मभर ते म्हणत आले,
ते इथे ती.
हात दिसायला पुरुष, पण तीसुद्धा बाईच.
नऊ वर्षांची नात यादिरा
माझ्या चुकांच्या रेघा वहीत ओढते.
मंगळवारी एकसष्ट.

जेवून उठताना आभार मानायचे,
मग बसलेल्यांनी म्हणायचं, अंगी लागो.
पहिले चार दिवस मी ताट उचलून
गुपचूप मोरीकडे पळायचे.
आमच्यात घरच्यांचे आभार मानले की घरचे दुखावतात,
हे कसं सांगणार,
अजून भूतकाळसुद्धा शिकवलेला नसताना?

शनिवारी दारावर लाल दिवा:
या घरी आज तमाल मिळतील.
केळीच्या पानातल्या शंभर पुड्या, सगळ्या सारख्या,
फक्त दोघींना हिरव्या लोकरीचा धागा.
त्यात डुक्कर नाही, बटाटा आहे.
कुणी काही बोललं नाही. पातेल्यातून त्याच दोन आधी निघाल्या.

रात्री खिडकी खडखडते.
ज्वालामुखी खोकला की जास्तच.
मी सरावाचा कागद घडी करून फटीत बसवला.
त्यावर ‘असणं’ होतं, दोन क्रियापदांत:
एक कायमचं असण्याचं,
एक तूर्त.

रविवारी ह्यूस्टनहून फोन येतो.
दोन्या पडदा गालाला लावून बोलतात,
त्यामुळे त्याला आईचा फक्त कान दिसतो.
मग फोन माझ्या हातात.
सेल्विन सावकाश बोलला, मला कळावं म्हणून:
खिडकी अजून वाजते?
मी म्हटलं, कागद.
तो म्हणाला, मी काडेपेटी लावायचो.
पुढे दोघांचेही शब्द संपले.
माझ्याकडे नव्हतेच. त्याचं काय झालं, माहीत नाही.

सोमवारी शाळेला निघताना
तोंडून मराठीच गेलं, स्पॅनिश कपडे घालून:
या बेंगो. येतेच.
दारातून जाताना जाते म्हणायचं नाही,
हे आम्हाला कुठल्या वर्गात शिकवत नाहीत.
लगेच जीभ चावली. जाणारीनं जाते म्हणावं,
पुस्तकात तसंच आहे.
यादिरानं पेन्सिल उचलली.

दोन्या मका मळायच्या थांबल्या.
नाही, म्हणाल्या, बरोबर आहे. आम्हीही असंच म्हणतो.
मग हात पुसत, माझ्याकडे न बघता:
तोही असंच म्हणून गेला. पहाटे चारला.
सात वर्षं झाली.

दुपारी परत आले.
टेबलावर झाकलेलं ताट.
खोलीत, खिडकीच्या फटीत, काडेपेटी.
आणि माझा कागद
हातानं दाबून दाबून सपाट केलेला,
उशीवर.