कूलरच्या टाकीत

इतवारीतल्या आमच्या पतसंस्थेत
सर्व्हरच्या खोलीला सीलबंद एसी,
आणि बाहेर हॉलमध्ये कूलर,
मोमिनपुऱ्याच्या रशीदभाईंनी पत्रा ठोकून बनवलेला.
ताट्या बदलायला पेचकसही लागत नाही.

एसीवर स्टिकर आहे: उघडल्यास वॉरंटी संपेल.
आमच्या खातेवहीच्या सॉफ्टवेअरवरही
तसंच लिहिलंय, बारीक अक्षरात, चाळीस पानं.
फोन केला की तिकडचा मुलगा म्हणतो,
मॅडम, सुरक्षेची काळजी आमच्यावर सोडा.
सोडते. दुसरं करणार काय.

बाकी सगळं मी उघड्या कोडवर उभं केलं.
डेकाटे साहेबांना पटवताना म्हणाले होते,
हजार डोळे बघतात, सर.
साहेब म्हणाले, "ज्याले चोरी करायची
थो बी पाह्यते नं मंग?"
तेव्हा मी हसले होते.

सोमवारपासून हॉलमध्ये वास येत होता.
कोणी म्हणालं गटार,
कोणी म्हणालं गजभिये काकांचा डबा.

मंगळवारी रात्री बातमी आली,
आम्ही वापरतो त्या एका लायब्ररीत
भोक सापडलं, नऊ वर्षं जुनं.
दोन वाजता ती फाईल उघडली. पहिल्यांदाच.
ओळ चारशे बारा: लांबी न मोजता
येईल ते आत घेते.
वर कुणा दूरच्या माणसाचं टिपण,
"हे नंतर पाहू."
नऊ वर्षं ते वाक्य भर चौकात टांगलेलं
आणि खालून आम्ही सगळे जात होतो.

पॅच आला होता. पहाटेपर्यंत लावला.
सकाळी खातेवहीच्या मुलाला विचारलं,
तुमच्यात तीच लायब्ररी आहे का?
म्हणाला, सांगता येत नाही.
म्हणजे माहीत नाही की परवानगी नाही,
तेही सांगता येत नव्हतं त्याला.

गुरुवारी रशीदभाई आले.
जाळी काढली, टाकीत कोपरापर्यंत हात घातला
आणि शेपटीला धरून पाल वर काढली, फुगलेली.
"चार रोज झाले असन. कोनी पाह्यलं नाही काऊन?
चारी बाजूनं उघडा हाय हा."
आम्ही अकरा जण
एकमेकांची तोंडं बघत राहिलो.

साहेब खूश. "पाहा, एसीत पाल नसते."
रशीदभाई ताटी बसवता बसवता म्हणाले,
"असते साहेब. वास नाही येत भायेर."

आता शनिवारी संस्था बंद झाली
की मी टाकीत टॉर्च मारते
आणि मग एक फाईल वाचते, कुठलीही, वरपासून.
निम्मं कळत नाही.
परवा एका ओळीपाशी तासभर अडले.
चूक तिची की माझी, ठरेना.
शेवटी लिहिणाऱ्याला विचारलं, हे असं का?

उत्तर अजून नाही.
बाहेर शेहेचाळीस अंश,
आणि बंद दारामागे एसी
थेंब थेंब गाळतोय कशाचे तरी.