ओळंबा

आधी त्याने सुताराला शिव्या घातल्या.
न्हाणीघराची चौकट वाकडी बसवलीस, म्हणाला,
आणि सुतार बिचारा ओळंबा सोडून उभा:
दोरी सरळ, शिसं स्थिर, चौकट बिनचूक.
बेलमीरूने एक डोळा मिटला. मग दुसरा.
दोरीलाच मध्यावर पोट आलं होतं.

एक्केचाळीस वर्षं त्याने सेतुबलच्या भिंतींवर फरश्या बसवल्या,
निळ्या-पांढऱ्या, सांध्यात नख शिरणार नाही अशा.
माझा नवरा म्हणून सांगत नाही.

डॉक्टरीणबाईंनी पडद्याचा फोटो दाखवला.
मधोमध तिळाएवढी जागा, वाचायची, चेहरे ओळखायची,
तिच्याखाली नको त्या रक्तवाहिन्या उगवल्यात
आणि पाझरतायत.
"ओल," तो म्हणाला. "भिंतीत ओल शिरलीय."
बाई हसल्या. हो, तसंच.
ओल थांबवता येते.
पडलेला पोपडा परत चिकटत नाही.

म्हणून महिन्यातून एकदा डोळ्यात सुई.
ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला,
पण तो सांगतो, बधिर करतात,
सुईपेक्षा पापण्या ताणून धरणारा चिमटा वाईट.
परतीच्या बसमध्ये नजरेत एक काळा बुडबुडा तरंगत असतो,
संध्याकाळपर्यंत विरतो.
सिगरेट त्याच आठवड्यात सुटली. भांडून.

फ्रीजवर, तारलीच्या आकाराच्या मॅग्नेटखाली,
चौकटी-चौकटींचा कागद आहे, मध्ये एक टिंब.
रोज सकाळी कॉफीच्या आधी
चष्मा लावून, एकेक डोळा झाकून टिंबाकडे बघायचं.
रेघ नव्याने वाकली, तर त्याच दिवशी फोन,
सोमवारची वाट बघायची नाही.
"कुठल्या गाढवाने भरल्यात या फरश्या," तो पुटपुटतो,
म्हणजे कालच्याइतकंच आहे.

माझं वेगळं.
माझं काही दुखलं नाही, खुपलं नाही.
चष्म्याची दांडी बदलायला गेले होते;
दुकानातल्या मुलीने सहज डोळ्यावर हवेची फुंकर मारली,
आकडा बघितला आणि मला खुर्ची दिली.
काचबिंदू.
कडा केव्हाच गेल्या होत्या, न सांगता.
जन्मभर नाकासमोर चालले मी,
आता दुसरीकडे चालताच येत नाही.

रात्री नऊला एकेक थेंब.
मग डोळे मिटून, नाकाजवळचे कोपरे
दोन मिनिटं दाबून बसायचं.
पहिली अर्धी बाटली माझ्या गालांनीच प्यायली.
डोळ्यात तेल घालून मुलं वाढवली,
हे त्या मानाने काहीच नाही.
फक्त एकही रात्र चुकवायची नाही.

नणंद देओलिंदा नशीबवान, तिला मोतीबिंदू.
ढगाळ भिंग काढलं, नवं घातलं,
तिसऱ्या दिवशी स्वतःच्या स्वयंपाकघरात उभी राहून ओरडली,
"एवढा चिकटा होता आणि तुम्ही कोणी बोलला नाहीत?"
मग आरशात बघून दुपारभर गप्प.
मला तिचा हेवा वाटला. अजून वाटतो.

शेजारी म्हणतात, त्याला मध्य नाही, तुला कडा नाहीत,
दोघं मिळून एक धड माणूस झालात.
आम्हीही हसतो.
पण हिशोब तसा जुळत नाही:
परवा टेबलाच्या कोपऱ्यावरचा पेला
दोघांनाही दिसला नाही,
आणि दोघांनीही काचा हातांनीच शोधल्या.

माझा चेहरा बघायचा असला की तो माझ्या कानाकडे बघतो.
तसं शिकवलंय त्याला: नजर जराशी बाजूला ठेव,
शाबूत पडदा उरलेलं काम करेल.
थेट बघितलं तर तिथे मी नाही, नुसता राखाडी डाग.
सरळ रेषेवर पोट भरलेल्या माणसाला
हे तिरकं बघणं जड गेलं.
मी लाल डूल घालायला लागले,
पत्ता सापडावा म्हणून.

काल जेवताना म्हणाला,
"झुल्मीरा, डावा ढिला झालाय."

चाचपून बघितलं.
झाला होता.