डावा हात

चाळीस वर्षं मी गिअर कापले.
उद्यमनगरात, पत्र्याच्या शेडात,
दातामागून दात.
चरकाचे, गिरणीचे, लेथचे,
एकदा तर जत्रेतल्या आकाशपाळण्याचे.
दाताला दात कसा भेटतो
ते मला पाठमोऱ्यानं कळतं, कानानं.

आणि लेकीनं गाडी आणली बिनदाताची.

"आप्पा, हिला दांडा नाही. ही खुंटी.
डावीकडं फिरवली की मागं,
उजवीकडं फिरवली की पुढं,
मधोमध दाबली की थांबली."
रेडिओच्या आवाजाची असायची, तेवढी खुंटी.
मला वाटलं, फिरवली तर बाजारभाव लागतील.

पहिल्याच दिवशी दसरा चौकात
डावा हात सवयीनं जुन्या जागी गेला.
तिथं वृषालीची पाण्याची बाटली होती.
टोपणाला धरून मी तिचा दुसरा टाकला.
डावा पाय क्लच शोधत
पायपुसण्यावर चाचपडत राहिला.
सिग्नल सुटला. मागून बुलेटवाला,
"ओ मामा, मुक्काम हाय काय हितं?"

मुक्काम नव्हता. गाडी न्यूट्रलला होती
आणि तिनं मला ते सांगितलं नव्हतं.
म्हणजे सांगितलं होतं,
काचेवर एवढंसं हिरवं अक्षर लावून.
पण गिअर काय वाचायची गोष्ट आहे?

पन्हाळ्याच्या चढाला, वाघबिळाच्या अलीकडं,
तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना
दांड्यातून कोपरापर्यंत एक थरथर यायची,
रवीतून येते तशी,
ताकावर लोणी धरायच्या आधी.
इथं नुसतं टक्.
आणि वृषाली म्हणाली,
"तो टक् पण स्पीकरमधून येतो, आप्पा."

रात्री झोप नाही.
एवढी गाडी, आणि टक् खोटा.

पहाटे खाली गेलो. शेजारचा दूधवाला बघत होता.
गाडी बंद. बंद गाडीत बसून
खुंटीला कान लावला, हळू फिरवली.
आवाज नाही.
पण बोटाला काहीतरी ठेचलं.
परत फिरवली. परत ठेचलं.
खाली कुठंतरी एक छर्रा असणार,
त्याच्यामागं स्प्रिंग, भाताच्या दाण्याएवढी,
आणि चकतीवर बारीक खाचा.
खाचा आभाळातून पडत नाहीत.
कुणीतरी बसून त्यांचं माप काढलं असेल,
एखादी चकती भंगारात फेकून
मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या असतील.
कुठल्या गावचा, काय ठाऊक.
म्हटलं, बरं कापलंयस बाबा.

त्यानंतर जमत गेलं.
मालनला घेऊन रंकाळ्यावर गेलो,
उलटी घेऊन दोन गाड्यांमधे बसवली, एका दमात.
डावा हात मात्र बिनकामाचा
मांडीवर उताणा पडलेला,
रिटायर झालेल्या माणसागत.
मालननं बघितलं, काही बोलली नाही.
तळव्यात भाजलेल्या शेंगा ओतल्या.

परवा शेडात गेलो.
आता शेड दस्तगीर शिकलगार चालवतो.
म्हणाला, "मिस्त्री, तेवढं कास्टिंग
शिरोलीला टाकून येता काय? ड्रायव्हर आला न्हाई."
जुना टेम्पो. माझ्याच वेळचा.
बसलो. चावी दिली. सगळं अंग ओळखीनं हललं.
डावा हात दांड्यावर गेला,
गोळा मुठीत धरला,
आणि उजवीकडं फिरवला.

निघूनच आला.

दस्तगीर हसून हसून खांबाला टेकला.
मीही हसलो, पण थोडं उशिरा.
गोळा उलटा करून उजेडात धरला.
आटे झिजलेत.
तीन राहिलेत नीट.
धरतील अजून.