रकाना

जुलै. अंदासिबेजवळची चौकी. पत्र्यावरून धुकं ठिबकतंय.
कोळसेवाल्याचा फानिलु दारात,
गवती टोपी उलटी धरून, जपून, जणू आत सूप आहे.
"बाबानं झाड पाडलं. ढोलीत होतं. झोपलंय."

टोपीत त्सिडी. उंदराएवढा लेमूर,
तीस ग्रॅम भरला तर भरला.
थंडगार. शेपूट गळ्याभोवती गुंडाळलेलं
आणि उजव्या मुठीत सालीवरच्या शेवाळाचा
वाळका, तपकिरी झुपका.

माझ्याकडे वह्या दोन. करडी प्राण्यांची, हिरवी झाडांची.
करडीत हात सरावलेला:
वर्ग सस्तन. गण नरवानर,
म्हणजे माझाच. बोटांना नखंसुद्धा आहेत,
करंगळीचं तर कोंड्याच्या दाण्याएवढं.
स्थिती: असुरक्षित. शिक्का तयारच असतो.

हिरवी वही उघडली आणि पेन थांबलं.
आम्ही लुमुट्र म्हणतो,
डबक्यातल्या बुळबुळीलाही तेच म्हणतो.
मूळ नाही, फूल नाही, कुल मला ओळखता येत नाही.
सृष्टीच्या पहिल्याच ओळीला दोघांच्या वाटा फुटतात
आणि इथे मात्र एकाची मूठ दुसऱ्यावर मिटलेली.
स्थिती: मूल्यमापन झालेले नाही.
धोका नाही असं नव्हे हं.
कुणी विचारलंच नाही अजून.
माझी आत्या वुलातियाना तशीच गेली.
मृत्यूचा दाखला हवा, तर आधी तिचा जन्म लिहावा लागला.

नियमाप्रमाणे मूठ उघडायची,
हे बाटलीत, ते कागदी पुडीत.
"झोपलंय," फानिलु पुन्हा म्हणाला, आता जरा मोठ्याने.
मी चिमटा उचलला, ठेवला.
खरपुडीच्या पाण्याचा कप हलला,
दोन थेंब मुठीवर पडले.

शेवाळानं वेळ लावला नाही.
चहा उकळायच्या आत
पानं सुटी होत गेली, हिरवी होत गेली,
बोटांच्या फटींतून बाहेर आली.

थंडीत त्सिडीही असेच विझून राहतात, मला ठाऊक आहे.
कधीकधी श्वासासाठी मिनिटं मोजावी लागतात.
कधीकधी मोजूनही काही नसतं.

मी टोपी स्वेटरच्या आत, पोटाशी घेतली.
फानिलु भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत
ओठ हलवतोय. त्याला शंभरपर्यंतच येतं;
शंभर झाले की पुन्हा एकपासून.

वह्या उघड्याच आहेत.
तारीख तेवढी लिहिली दोन्हींत.