फ्लॅश भरेपर्यंत

राजेसाहेब येणार म्हणून आम्हाला सकाळी सहालाच
दोरीमागे उभं केलेलं.
पास गळ्यात, पाण्याच्या बाटल्या जप्त,
दस्तूरचा डबा कुत्र्याने हुंगून परत दिला,
अंडाकरीपाशी त्याने जरा जास्तच वेळ घेतला.

नियम छापील:
खाताना काढायचा नाही, जांभई देताना नाही,
पाठमोरा तर नाहीच नाही.
खळदकर म्हणाला, "मग उरला पासपोर्ट साइझ."
पुढच्या चार तासांत तेवढंच हसलो.

लोहगावहून ताफा सुटला की
आधी वायरलेस खोकतो,
मग रस्ता गप्प होतो,
मग फक्त कावळे.
वीस वर्षं मी राजे लोक असेच कानाने ओळखतो.
एका राणीचे हातमोजे आठवतात, चेहरा नाही.
एका युवराजाच्या बुटाची सुटलेली नाडी.
ती मी काढली होती. छापली नाही कुणी.

शिवाजीनगरला हातकागदाचा कारखाना.
हौदापाशी यमुनाबाई खरमाटे,
लुगडं नवं, संस्थेने दिलेलं,
आठ दिवस तालीम झालेली:
साचा लगद्यात बुडवायचा, उचलायचा, हलवायचा,
वर बघायचं नाही.

तिने बघितलं.

माझा फ्लॅश नुकताच उडून गेला होता
राजा, आयुक्त, आयुक्तांच्या सौ. आणि मागची पाटी यांच्यावर.
बॅटरी भरत होती,
कानाशी डास यावा तशी बारीक शीळ घालत,
आणि नेमका तेव्हा राजाने हात पुढे केला.

बाईंचे हात मनगटापर्यंत लगद्यात.
तिने ते काढले, पदराकडे नेले,
पदर नवा.
थांबली.
राजाचा हात तसाच हवेत.
आयुक्तांचा चेहरा जप्तीच्या नोटिशीसारखा.
मग तिने ओल्याच हाताने,
चिंध्यांच्या त्या पांढऱ्या चिखलासकट,
तो हात धरला.
राजाने नंतर रुमाल काढला नाही.
गाडीत बसेपर्यंत नाही. मी बघत होतो,
बघण्याशिवाय करण्यासारखं काही नव्हतं.

लाल दिवा लागला तेव्हा गाड्या वळल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी नारायण पेठेत, ऑफिसच्या जिन्यात ती.
"दादा, माझा आलाय का त्यात?
जाऊ म्हणते, बाता मारतीस."

पेपरात आयुक्त आले होते, तीन कॉलम.
निगेटिव्हच्या काठाला, कापून टाकलेल्या पट्टीत
काहीतरी होतं. मोठं केलं,
दाणा फुटून रवा झाला:
साचा उचललेला एक हात,
कोपराकडे सारलेल्या बांगड्या,
त्यातली एक पिचलेली.

देताना लाज वाटली.
ती खिडकीशी जाऊन उजेडात बघत राहिली.
"हीच. पिचलेली माझीच."
पैसे विचारले. नको म्हटलं.

जिना उतरता उतरता थांबली,
फोटोचा कोपरा चिमटीत धरून चोळला,
ओल पारखावी तसा.
"फार गुळगुळीत आहे हो," म्हणाली,
"ह्यावर शाई नाही धरायची."