दुधना छापखाना, सेलू

तेव्हा मी रुळाला शाई लावायचो.
दिल्लीत घटना लिहीत होते म्हणे,
एकेका शब्दावर दुपार दुपार भांडत,
आणि हैदराबादच्या नावच्या खुर्च्या तिथं रिकाम्याच होत्या.
आमच्यापर्यंत ते भांडण यायचं मनमाडच्या गाडीनं,
तीन दिवस शिळं,
वर्तमानपत्राच्या घडीत.

बिडकर मास्तरांनी मसुद्यातली दोन पानं
मराठीत करून आणली, हजेरीच्या पाठकोऱ्या कागदावर.
म्हणाले, शंभर प्रती काढ, बाजारच्या दिवशी वाटू.
रखमाजी जुळाऱ्यानं कागद कंदिलापुढं धरला.
लग्नपत्रिका, उरुसाची जाहिरात, जिनिंगच्या पावत्या
यापलीकडं त्या खिळ्यांनी काही पाहिलं नव्हतं.
"अस्पृश्यता" जुळवायला बसला
तर खणात "पृ" नव्हताच.
कधी लागलाच नव्हता.
तो शब्द आम्ही छापत नव्हतो,
पाळत होतो फक्त.

पण अडलं ते त्याच्याही आधी, पहिल्याच शब्दाशी.
मास्तर म्हणाले, इंग्रजीत एकच आहे,
आपल्याकडं दोन. आम्ही की आपण?
"आम्ही" म्हटलं की ऐकणारा उंबऱ्याबाहेर.
"आपण" म्हटलं की तोही आत, चुलीपाशी.
"आपण"च लिही.

दस्तगीर पेशकार कोपऱ्यात उर्दू मजकूर तपासत होते.
तहसिलीतली नोकरी गेली होती,
आणि त्या भाद्रपदात तीन रात्री
ते आमच्या कागदाच्या कोठीत होते,
मुलीचं तोंड हातानं दाबून.
चष्मा पुसत त्यांनी विचारलं,
"मास्तर, शब्द चांगला आहे.
मी त्यात आहे, हे मला कोण कळवणार?"
मास्तर काही बोलले नाहीत.
रखमाजीनं खिळे मोजायला घेतले, उगाच.

मग बोलली धुरपता.
कागदाला घड्या घालायची, आठ आणे शेकडा,
दाराच्या अलीकडं बसून.
"कामून आपण?" मान वर न करता म्हणाली.
"पाटीलबी आपलं गाव म्हन्तेत
आन् पानी वरून वतायलेत.
आमी लिवा.
आमच्या तोंडानं आमी म्हनलो
आसं आजवर झालंच न्हाई.
एकदा म्हनू द्या.
मंग बसा आपण आपण करीत."

मास्तर भांडले. व्याकरण काढलं,
ज्ञातीची पंगत काढली, आवाज चढला,
रस्त्यावरचं कुत्रं आत डोकावून गेलं.
दस्तगीर मधेच नुसतं "हम" म्हणाले आणि हसले.
त्यांच्या भाषेत हा प्रश्नच नव्हता,
किंवा शब्दाच्या पोटात दडून होता.
मी म्हणालो, मतं घेऊ, दिल्लीसारखी.
मला कुणी विचारलं नव्हतं.
मास्तर आणि रखमाजी एकीकडं.
धुरपताच्या हाताशेजारी
दस्तगीरांचा हात वर गेला, शाईचा.
दोनास दोन.
अकरा वर्षांच्या पोराचं मत धरायचं का,
यावर आणखी एक भांडण.
धरलं.

हरलेल्या रखमाजीनं "आम्ही" जुळवला,
आणि पुढं एक स्वल्पविराम ठोकला.
मास्तर म्हणाले, हा मी दिला नव्हता.
"म्या दिला," रखमाजी म्हणाला.
"मानसानं जरा थांबावं तितं.
मागं वळून बघावं, समदे आले का."

"पृ"ची जागा मोकळी सोडून छापलं.
मास्तर बोरूनं ती भरत बसले, प्रतीमागून प्रत.
हात दुखला तेव्हा बोरू धुरपताकडं दिला.
शेवटच्या नऊ प्रतींवरचा "पृ" तिचा आहे.
तिला आलेलं ते पहिलं अक्षर,
जरा कलतं.

बाजारात लोकांनी प्रती घेतल्या, घडी करून खिशात टाकल्या.
पुढच्या आठवड्यात वाण्यानं
एकीत मला गूळ बांधून दिला.
घरी येऊन उलगडली.
चिकटली होती,
पण वाचता येत होती,
स्वल्पविरामापर्यंत.