रकाना सात

औसा रोडचा जकात नाका बंद झाला
तेव्हा महापालिकेनं ती खोली आम्हाला दिली.
एक टेबल, पाच खुर्च्या, एक पंखा
आणि भिंतीवर जुना दरफलक :
गूळ, पेंड, सरकी, प्रति क्विंटल.
फलक आम्ही काढला नाही.
पर्यावरण समिती, बिनपगारी,
महिन्याचा दुसरा शनिवार, संध्याकाळी साडेपाच.

आम्हाला अधिकार नाही, शिफारस आहे.
कडुनिंबाला ठोकलेल्या क्लासच्या पाट्यांवर शिफारस केली,
नाल्यात ओतलेल्या बांधकामाच्या मलब्यावर केली,
कचरा डेपोच्या धुरावर तीनदा.
कागद वर जातो, शिक्का घेऊन खाली येतो :
पाहिले.
अश्वघोष खरात म्हणतो, सर, म्हणजे डोळे तरी आहेत.
मी सचिव. हे इतिवृत्तात घेत नाही.

एप्रिलात ठरलं, प्रभागातले बोअर मोजायचे.
मुख्तारभाई भूजल खात्यातून निवृत्त,
त्यांनी पट्टी धरून तक्ता आखला.
रकाना पाच : खोली.
रकाना सहा : पाणी किती फुटांवर.
रकाना सात : एकूण बोअर, आटलेले धरून.
झुंबरलाल लाहोटींनी झेरॉक्स फुकट काढून दिल्या,
तळाशी तेवढं दुकानाचं नाव टाकलं.

काही दारांत ताक मिळालं, काही दारांत
"मोजून काय करलालाव? नळाला पाणी सोडा अगुदर."
एका अंगणात बोअरवर देव्हारा बांधलेला.
बोअर धरायचा की देव,
खरात आणि सुवर्णा उटगे दहा मिनिटं भांडले, हळू आवाजात,
आत पूजा चालू होती म्हणून.
धरला.

भाड्याच्या खोलीतल्या नसीमबींनी आम्हाला बसवलं.
बोअर नाही म्हणाल्या, ड्रम दाखवले.
तीन निळे, एक फुटका,
फुटक्यात कोथिंबीर.
ड्रमाला तक्त्यात रकाना नव्हता.

मग घर क्रमांक एकशे सदतीस.
ते माझं.

पहिला बोअर सहाशेला कोरडा गेला, तो सगळ्यांना माहीत आहे.
दुसरा रात्री घेतला,
परवानगीच्या भानगडीत न पडता.
गाडीचा हादरा शेजारच्या गाद्यांपर्यंत गेला असणार.
सकाळी कुणी काही बोललं नाही.
पुढच्या महिन्यात शेजारच्यांनी घेतला,
तेव्हा मीही कूस बदलून झोपलो.
नऊशे चाळीस फूट.
दगडाचं पीठ वर येत होतं, राखाडी, कोमट,
आणि माझी मुलगी त्यात बोटानं
आपलं नाव लिहीत होती.
पाणी लागल्यावर नाव गेलं.
वर पार्किंगच्या टाइल्स बसवल्या.

सुवर्णाताई पेन उघडून उभ्या.
"सर, सात?"
मी चष्मा पुसला. गुळाचा दर आठवला.
इतक्यात स्वयंपाकघरातून बायको म्हणाली,
"दोन. एक टाइल्सखाली आहे.
आणि चहा ठेवलाय, जाऊ नका."

सुवर्णाताईंनी दोन लिहिलं,
एकाच्या आकड्याएवढ्याच जागेत.

जूनच्या बैठकीत लाहोटींनी आपला फॉर्म परत मागितला,
व्हाइटनर लावला, फुंकर घातली,
वाळेपर्यंत कुणाकडे बघितलं नाही.
तीन.
खरातनं बेरीज पुन्हा केली.
दोनशे चौदा घरं, तीनशे सहा बोअर,
एकशे नव्वद आटलेले.
शिफारस : नवे थांबवावेत,
आटलेल्यांत छतांचं पाणी उतरवावं.
खाली पाच सह्या, माझी सगळ्यात लहान.

कागद ऑगस्टात आला.
पाहिले.
खरातनं काही म्हटलं नाही.
लाइट गेलेली होती, पंखा नुसता टांगलेला.
मुख्तारभाईंनी को-या कागदावर पट्टी ठेवली,
आठवी रेघ ओढली आणि वर लिहिलं,
ड्रम.

नसीमबींकडे कोण जाणार
एवढंच ठरायचं राहिलं.